फुली सरळ हवी

मंगळवार, ९ जुलै. सकाळी ७.१०

नवी वही, नवे निश्चय. पहिला: खारींच्या शिकारीचा सीझन १७ ऑगस्टला उघडायच्या आत रायफलीवर दुर्बीण बसवायची. दुसरा: शंभर डॉलरच्या वर एक सेंट घालवायचा नाही. तिसरा: डेन्झिलला पत्ता लागू द्यायचा नाही. डेन्झिल म्हणजे माझ्या बायकोचा, लोरीनचा भाऊ. आमच्या रायफलीवर दुर्बीण चढली हे त्याला कळलं, तर लॉरेल फोर्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डांगोरा पिटेल.

दुर्बीण लागते कारण नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी धूसर दिसायला लागलीये. झिजली असणार. बाबांच्या वेळची पॉइंट टू-टू आहे, कोळशाच्या खाणीत पहिला पगार झाला तेव्हा घेतलेली.

सीझनच्या पहिल्या संध्याकाळी चर्चमध्ये खारीच्या रश्श्याचं जेवण असतं. सहा खारी कूम्ब्जांकडून, म्हणजे माझ्याकडून. सलग बावीस वर्षं. सहाच्या सहा डोक्यात गोळी घातलेल्या. अंगात गोळी लागलेली खार आमच्याकडच्या बायका हातात घेत नाहीत, सरळ विचारतात, शिकारीला गेला होतास की खाटकाकडे?

बुधवार, १० जुलै

हार्गिसच्या दुकानातून आणली. चारपट मोठं दाखवणारी, साधी, काचेला झाकणं फुकट. एकोणचाळीस डॉलर. उरलेल्या एकसष्टांत लोरीनला काहीतरी घेईन.

संध्याकाळी ५. दुर्बीण बसेना. आपली जुनी रायफल, तिच्या पाठीवर बारीक खाच. हार्गिसने दिलेल्या दुर्बीण धरायच्या कड्या जाडजूड पट्टीच्या. त्याने विचारलं होतं, आर्व्हिल, खाच आहे की पट्टी? मी म्हटलं होतं, मला शिकवू नकोस. आता पुन्हा जायचं. चूक त्याचीच, नीट जोर देऊन विचारायला हवं होतं.

गुरुवार, ११ जुलै

कड्या बदलल्या. दुर्बीण बसली. डावा डोळा मिटून आत पाहिलं, तर आतली फुली वाकडी! आडवी रेघ मधोमध कमरेत वाकलीये, म्हाताऱ्या खेचरासारखी. एकोणचाळीस डॉलरात हेच मिळायचं.

लोरीनला दाखवली. म्हणाली, सरळच तर आहे. मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. म्हणाली, तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. पडदे वाकडे शिवलेत म्हणून माझ्याशी भांडायची.

आई शेवटची अकरा वर्षं माणसं आवाजावरून ओळखत होती. पण ती गोष्ट वेगळी. तिने जन्मभर अंधाऱ्या स्वयंपाकघरात गोधड्या शिवल्या. मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीये, मोकळ्या उजेडात.

लोरीन म्हणाली, तेव्हा इलाज नव्हता, आता आहे. डोळ्यात सुई देतात. लगेच गेलं तर नजर वाचते, उशीर केला तर गेलेली परत येत नाही. उद्याच फोन करते.

मी म्हटलं, खबरदार. मी भित्रा नाही. डोळ्यात सुई ही कल्पनाच मुळात मूर्खपणाची आहे, एवढंच.

शनिवार, १३ जुलै

दुर्बीण परत केली. हार्गिसने आत पाहिलं, पुन्हा पाहिलं. दुसरी दिली. तीनपासून नऊपटीपर्यंत वाढवता येणारी. हरणासाठीची आहे म्हणाला, शंभर यार्डांवर जुळवलेली. खारी असतात तीस यार्डांवर. तेवढ्या अंतरावर डोकं जरा हललं की फुली निशाणावरून सरकते. पॉइंट टू-टूसाठी पन्नास यार्डांची घ्यावी हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण नऊपट म्हणजे नऊपट. घेतली.

मंगळवार, १६ जुलै

हिची फुली तर जास्तच वाकडी. शिवाय मधोमध करडा डाग. काचेच्या आत वाफ शिरलीये. बदलायला हवी.

आज आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती मात्र गंभीर आहे. घर खचतंय. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट सुताराच्या रीतीने एक डोळा मिटून पाहिली. मधोमध आत आलीये. आमच्या डोंगराच्या पोटात आजोबांच्या पिढीने पोखरलेली खाण आहे. खांब कुजले असणार. आज चौकट, उद्या चूल, परवा आम्ही दोघं पलंगासकट खाली. खाणींच्या सरकारी ऑफिसात फोन केला.

लोरीन म्हणाली, तिने डोळ्यांच्या दवाखान्यात केलाय. २२ तारीख मिळालीये. मी म्हटलं, २२ ला खाणीचा माणूस येतोय, घर महत्त्वाचं. प्रत्यक्षात त्याने अजून तारीख दिलेली नाही. पण २२ च देईल.

सोमवार, २२ जुलै

खाणीचा माणूस आला. (मीच २२ सांगितली.) कोवळा मुलगा, हातात पाणसळ. चौकटीला लावली. बुडबुडा अगदी मधोमध. म्हणाला, काका, चौकट ओळंब्यात आहे, घरही ठणठणीत आहे. मी म्हटलं, सरकारी पाणसळ दिसतीये. त्याने माझी पाणसळ मागितली. तिचाही बुडबुडा मधोमध. डोंगराबरोबर माझी पाणसळही कलली असणार, त्यामुळे सरळ दाखवते. त्याला हे पटवता आलं नाही. शिक्षण कमी पडतं हल्लीच्या मुलांचं.

लोरीन जेवताना एवढंच म्हणाली, पुढची तारीख १२ ऑगस्ट, तीन आठवडे वाया गेले. मी म्हटलं, कुणाचे? ती उठून गेली.

गुरुवार, २५ जुलै

तिसरी दुर्बीण. खास पॉइंट टू-टूसाठीची, पन्नास यार्डांची. आधीची परत करून, एकूण नव्व्याण्णव डॉलर. शंभराच्या आत, म्हणजे निश्चय शाबूत. लोरीनसाठी एक डॉलर उरलाय.

फुली वाकडी.

आता मात्र हार्गिसच्या दुकानात आवाज चढवला. तो बिचारा काउंटरमागून बाहेर आला, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, आर्व्हिल, एकदा दुसऱ्या डोळ्याने बघ. मी म्हटलं, मी उजव्या हाताचा नेमबाज. तो म्हणाला, माझ्यासाठी बघ.

बघितलं. फुली सरळ. पट्टीने आखल्यासारखी.

म्हणजे ही दुर्बीण डावखुऱ्यांसाठी बनवलेली आहे. तसं खोक्यावर छापायला काय होतं? हार्गिसला तोंडावर सांगितलं. त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि म्हणाला, लोरीन कशी आहे? लोरीनचा इथे काय संबंध कोण जाणे.

रविवार, २८ जुलै

चर्चची व्हॅन चालवायची पाळी माझी. चार आज्या मागे, सगळ्या ऐंशीच्या वर. ऊन डावीकडून येत होतं म्हणून डावा डोळा मिटून चालवत होतो. रस्त्याची मधली पिवळी रेघ ज्याने मारली तो रंगारी प्यायलेला होता. पुलाजवळ रेघ एकदम उजवीकडे वळली, मीही वळलो. उजवीकडचा आरसा कठड्याला लागून गेला. मागून एक आजी म्हणाली, आर्व्हिल, पूल तर सरळ आहे ना रे? बाकीच्या तिघी प्रार्थना म्हणू लागल्या. एवढी भाविकता हल्ली चर्चमध्येसुद्धा दिसत नाही.

आरशाबद्दल लोरीनला सांगितलं नाही. पाद्रीबाबांनी सांगितलं. व्हॅनची किल्ली आता दुसऱ्याकडे. बरंच झालं, मला सरावाला वेळ हवाच होता.

गुरुवार, १ ऑगस्ट

सराव. पंचवीस पावलांवर कागदी थाळी. दहा गोळ्या. थाळीला एकही नाही. तिच्या डाव्या बाजूच्या कुंपणाच्या खांबात सात. उरलेल्या तीन कुठे गेल्या माहीत नाही. गोळ्या हलक्या प्रतीच्या आहेत.

सुधारणा: मधोमध जो करडा डाग दिसतो त्याचाच उपयोग करायचा. खार डागाआड गेली की गोळी सोडायची. जगात कुणालाही हे सुचलेलं नाही.

सोमवार, ५ ऑगस्ट

डेन्झिलला कळलं. त्याने दुर्बीण डोळ्याला लावली, म्हणाला, रुळासारखी सरळ आहे, भाऊजी. मी म्हटलं, तुला चष्मा आहे. तो हसत म्हणाला, मला चष्मा आहे म्हणूनच तर सरळ दिसते. मग हसायचा थांबला. त्या दोघा भावंडांत काहीतरी शिजतंय. मी अंगणात आलो की बोलणं बंद.

सोमवार, १२ ऑगस्ट. सकाळी ६

दवाखान्याची तारीख आज. गाडी चालू होत नाही. बॅटरीची तार निघालीये. कुणी काढली कोण जाणे.

दुपारी १२. लोरीनने तार लावली. पण तोवर मी वरच्या माळावर गेलो होतो, फोन न घेता. तिने तीन तास हाका मारल्या म्हणे. माळावर हाका ऐकू येत नाहीत. पहिल्या दोन तासांत तरी आल्या नाहीत.

संध्याकाळी. ती रडली. लग्नाच्या चव्वेचाळीस वर्षांत तिला दोनदाच रडताना पाहिलंय. म्हणाली, तुला हात धरून फिरवायचं मला जड नाही रे, पण तू मला बघणार नाहीस त्याचं काय? मी म्हटलं, १७ तारीख उरकू दे, मग तू म्हणशील तिथे येतो. शब्द दिला.

ही वहीसुद्धा हलक्या कारखान्यातली. रेघा सरळ छापता येत नाहीत.

शनिवार, १७ ऑगस्ट. दुपारी १

सीझन उघडला. घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कुणी वाद घालायला नको.

उजाडताना डेन्झिल आणि मी ओढ्याकाठच्या, अक्रोडासारख्या हिकरीच्या रानात पोचलो. ठरलं असं की तो ओढ्यापलीकडे बसेल, मी अलीकडे. पहिली खार फांदीवर. निश्चल. पाच गोळ्या झाडल्या, जागची हलली नाही. एवढी धीट खार जन्मात पाहिली नव्हती. जवळ जाऊन हात लावला, तर झाडाची गाठ. फसवी गाठ होती, कुणीही फसला असता.

मग बराच वेळ काही नाही. वरून हिकरीच्या फळांची टरफलं माझ्या टोपीवर पडत होती. म्हणजे खारी डोक्यावर बसून नाश्ता करत होत्या. मला दिसेनात. पानं फार दाट आहेत यंदा.

साडेआठला ओढ्यापलीकडच्या ओंडक्यावर करडं काहीतरी हललं. शेपूट फुलवलेली मोठी खार. डागाआड घेतली. श्वास धरला. गोळी सोडली.

खार ओरडली. माझं नाव घेऊन ओरडली.

डेन्झिलची दाढी करडी आहे, हे मला माहीत आहे. पण सीझनच्या दिवशी तिला झाकायला नको? गोळी ओंडक्यात गेली, त्याच्या गुडघ्यापासून वीतभर. तो ओढ्यातून चालत आला, बूट भिजले तरी थांबला नाही. माझ्या हातातून रायफल घेतली, गोळी उडवणारा तिचा बोल्ट काढला आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात घालून बटण लावलं. मग माझ्याशेजारी बसला. मला वाटलं आता चार ठोसे तरी देईल. त्याने भिजलेले बूट काढून पाणी ओतलं. मग म्हणाला, आर्व्हिल, तू सरळ माझ्याकडे बघत होतास. मी हात हलवला तुला. तू मला बघत होतास.

त्याने मला भाऊजी म्हटलं नाही. चव्वेचाळीस वर्षांत प्रथमच.

रात्री ८. चर्चमध्ये रश्श्यात कोंबडी होती. सगळ्यांनी छान झालाय म्हटलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहिलं असेल तर मला दिसलं नाही.

सोमवार, १९ ऑगस्ट

प्रश्न तत्त्वाचा आहे. सदोष दुर्बिणीमुळे माणूस मरता मरता वाचलाय. कंपनीला चार पानी तक्रार लिहिली. पण कंपन्या लबाड असतात, दोष गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर ढकलतील. म्हणून तक्रारीला डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायचं: आर्व्हिल कूम्ब्ज यांची नजर उत्तम आहे.

लोरीनला म्हटलं, घे तारीख. तिने कशासाठी म्हणून विचारलं नाही. फोनकडे जवळजवळ पळत गेली.

सोमवार, २६ ऑगस्ट. संध्याकाळी

लेक्सिंग्टनला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. समोर अक्षरांचा तक्ता. डावा डोळा झाकून सगळ्यात वरचं अक्षर वाचायला सांगितलं. मी म्हटलं, अक्षर लावा तर वाचतो. ती म्हणाली, लावलंय. मी म्हटलं, कुठे? लोरीनने माझा हात धरला.

मग डोळ्यात थेंब, फोटो, यंत्र. बाईंनी पडद्यावर माझ्या डोळ्याचं आतलं चित्र दाखवलं. मधोमध व्रण आहे म्हणाल्या. आईचाच आजार, बारीक शिरा गळतात. उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलं. सुईने परत येणार नाही. कडेचं दिसेल, समोरचं नाही. रेघा वाकड्या कधीपासून दिसतात, विचारलं. मी म्हटलं, गेल्या आठवड्यापासून. लोरीन म्हणाली, ११ जुलै. बाईंनी पेन खाली ठेवलं. तेव्हा आला असतात तर, एवढं म्हणून थांबल्या.

डावा डोळा अजून स्वच्छ आहे. पण हा आजार दुसऱ्या डोळ्यातही येतो. रोज सकाळी एकेक डोळा झाकून चौकटीचौकटीचा कागद बघायचा. जरा जरी रेघ वाकली तरी त्याच दिवशी निघून यायचं, दुसऱ्या दिवशी नाही. त्याच दिवशी, असं त्या तीनदा म्हणाल्या.

आज सुई टळली. एका अर्थी जिंकलोच.

सर्टिफिकेट मिळालं. तक्रारीला जोडण्यासारखं नाही. तक्रार चुलीत घातली.

गुरुवार, २९ ऑगस्ट

नवा निश्चय: डाव्या खांद्यावरून नेम शिकायचा. हार्गिसची ती दुर्बीण डाव्या डोळ्याला सरळ दिसतच होती. बोल्ट डेन्झिलकडे आहे. मागितला. तो म्हणाला, कुठला बोल्ट?

हार्गिस स्वतः येऊन नव्व्याण्णव डॉलर परत देऊन गेला. मी नको नको म्हटलं. फार वेळ म्हटलं नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

चौकटींचा कागद लोरीनने फ्रिजवर चिकटवलाय. मला तो आवडत नाही, शाळेतल्या गणितासारखा आहे. त्यापेक्षा ओळखीचं काहीतरी बघावं. मी लोरीनचा चेहरा ठरवलाय. ती चुलीपाशी हलत असते, पण चालतं.

डावा डोळा झाकला: केस दिसतात, कान दिसतात, कानातले दिसतात. मध्ये कुणी नाही.

उजवा झाकला: सगळी लोरीन. नाक, हनुवटी, हनुवटीवरचा तीळ. हा तीळ कधीपासून आहे? मी उन्हाळाभर फूटभर नळकांड्यात बघत बसलो.

शुक्रवार, ६ सप्टेंबर. सकाळी

तपासणी. उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं. सगळं ठीक. लोरीनची उजवी भुवई मात्र टोकाला जरा खाली वळलीये. बायका भुवया कोरतात, त्यात कधीकधी जास्त निघतं. उगाच कुणाला सांगण्यासारखं नाही. कागद बघायची गरज नाही.

खरं लिहायचं तर भीती वाटते. सुईची नव्हे. सुईचीही.

सकाळी ७.३०. शेवटी न राहवून तिला म्हटलं, भुवई वाकडी कोरलीयेस, जरा बघून कोरत जा.

तिच्या हातातलं उलथनं खाली पडलं. तिने ते उचललं नाही. चूल बंद केली, खुंटीवरची किल्ली घेतली आणि म्हणाली, बूट घाल.

सकाळी ८.१५. गाडीत. गाडी लोरीन चालवते आहे, चांगलं ताशी सत्तर मैलांच्या वर. मी शेजारी बसून लिहितोय, अक्षर कुठे जातंय माहीत नाही. वाटेत तिने एकच वाक्य उच्चारलं. ती म्हणते, तिने जन्मात कधी भुवया कोरलेल्या नाहीत.